उणे गुणिले उणे

फहाहीलमध्ये संध्याकाळचे सात,
गुहागरात साडेनऊ.
मधले अडीच तास कुणीच वापरत नाही,
ते समुद्रावर पडून असतात.

खालच्या बंकवर शाजी कांदा चिरतोय,
मोफिजुल बायकोशी भांडतोय
आवाज बंद करून, नुसत्या हातांनी.
वरच्या बंकवर, गुडघे पोटाशी घेऊन,
मी बेडूक खेळतो.

हिरवा बेडूक. विहीर. विहिरीला पायऱ्या.
काठ म्हणजे शून्य.
काठाच्या वर माड: एक, दोन, तीन.
काठाखाली उणे एक, उणे दोन,
उणे सातवर शेवाळ.
उत्तर बरोबर आलं की बेडूक उडी मारतो,
चुकलं की तुमच्याकडे बघतो. नुसता बघतो.
माझ्याकडे तो बराच वेळ बघत असतो.

खेळ फुकट आहे. शाळेतल्या बाईंनी दाखवला.
स्वरांगी तिकडून, मी इकडून,
पडद्यावर आमची नावं एकाखाली एक,
ती पातळी एकवीस, मी पातळी सहा.
"पप्पा, बोटं मोजू नका. ऐकू येतं."

मला येते ती अडीचकी.
तीन अडीचं साडेसात, चार अडीचं दहा,
गुरुजींच्या छडीसकट पाठ.
ती हसते: हे कुठल्या पातळीवर येतं?
येत नाही, म्हणालो. हे घड्याळात येतं.

एकदा बसच्या पाटीचा फोटो पाठवला.
इथला पाच आपल्या शून्यासारखा,
आणि शून्य म्हणजे ठिपका,
पेन टेकलं की झालं.
बस पन्नास नंबरची. तिने वाचलं:
शून्य, मग काहीच नाही.
"पप्पा, तुम्ही शून्य नंबरच्या बसने जाता?"

काल विचारत होती,
उणे गुणिले उणे अधिक का?
व्हिडिओत बेडूक पाठमोरा होतो,
उलटा चालतो, आणि पुढे पोचतो.
"पण का?"
बाई म्हणाल्या, नियम आहे.
मी म्हणालो, उद्या सांगतो.
बाप असले की असं म्हणता येतं.

आज परांचीवर, चौदाव्या टप्प्याला,
क्लॅम्प आवळताना
लोखंड हातमोज्यातूनही चावत होतं,
तेव्हा आलं ध्यानात.
एजंटाचे महिन्याला चाळीस दिनार: उणे चाळीस.
समजा, असे तीन हप्ते कुणी खोडलेच.
तीन वेळा उणे, उणे चाळीस.
एकशेवीस अधिक, खिशात, न दिलेले.
स्पॅनर हातात धरून मी तसाच उभा.
फोरमन खालून ओरडला,
आधी अरबीत, मग हिंदीत, मग हाताने.

पण हे तिला सांगणार कसं?
चाळीस तिला माहीत नाहीत.
तिच्या आईला पंचवीस माहीत आहेत.

म्हणून आज म्हणालो,
समज, बेडकाच्या पाठीवर दगड बांधलेत.
एकेक दगड त्याला दोन पायऱ्या खाली ओढतो.
त्यातले तीन सोडवले, तर?

ती गप्प. पलीकडे पंख्याची घरघर,
कुणीतरी भांडं विसळतंय.
मग एकदम: "सहा वर! पप्पा, सहा पायऱ्या वर!"
आणि आईला हाका, आणि फोन पडल्याचा आवाज,
आणि माझ्या पडद्यावर छत, ट्यूबलाइट, एक पाल.

मग फोन उचलून, तोंडाशी नेऊन, हळूच:
"पण दगड बांधले कुणी?"

झोप आता, म्हणालो, तिकडे दहा वाजून गेले.
शाजीने ताट वर सरकवलं.
बेडूक उणे दोनवर बसून
माझ्याकडे बघत होता.